लातूरची खोली आणि माहूरचा पाऊस

मुलीचं ॲडमिशन पक्कं झालं त्या आठवड्यात मीच विषय काढला, की आता सगळ्यांनी मिळून दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ. तिला उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली होती. माणसांची डॉक्टर व्हायचं म्हणून ती लातूरला क्लासला गेली होती. ते जमलं नाही याचं मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं तिला वाटलेलं दिसलं नाही. "पप्पा, म्हशीला काय दुखायलंय ते सांगता येत नाही, म्हणून तिथं डॉक्टर जास्त हुशार लागतो," असं ती फोनवर म्हणाली आणि तिच्यापुरता तो विषय संपला.

मी हिमायतनगरला वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. पाळीची नोकरी, रजा मागायची तर आधी दुसऱ्याला आपल्या जागी उभं करायचं. आमच्या भागात पोरगं जरा हुशार निघालं, की घरातलं एक माणूस त्याच्याबरोबर लातूरला खोली करून राहतं आणि बाकीचे मागं राहतात. आमच्यात बायको गेली, मी राहिलो. अकरावी, बारावी आणि वरचं एक वर्ष, असा तो मुक्काम लांबत गेला. घरी मी आणि माझी माय. सकाळच्या भाकरी माय करायची. संध्याकाळची भाजी करायला मी शिकलो. वांग्याची बरी जमते, बाकीच्या भाज्यांबद्दल माय काही बोलत नाही.

बायकोनं तिथं गेल्यावर गल्लीतल्या एकदोन पोरांना जेवणाचा डबा द्यायला सुरुवात केली होती. मला विचारूनच. "पोरगी दिवसभर क्लासला जाते अन् मी भिंतीकडं बघत बसते. करू का?" मी म्हणालो, कर की. महिन्यातून एखाद्या वेळी मी जायचो तेव्हा डबे वाढलेले दिसायचे. पण मी तिकडं पाहुण्याच्या नजरेनं बघायचो. आज ना उद्या हे आवरायचंच आहे, असं मनात धरलेलं असलं की माणूस नीट बघत नाही.

माझं सगळं सरळ ठरलेलं होतं. शुक्रवारी लातूरला जायचं. शनिवारी दोघींना घेऊन नांदेडमार्गे घरी यायचं, वाटेत मुलीच्या होस्टेलचं सामान घ्यायचं. रविवारी मायला घेऊन माहूर. देवीचं दर्शन झालं की किल्ला चढायचा, कारण मुलीनं तेवढी एकच मागणी केली होती. पुढच्या आठवड्यात टेम्पो करून लातूरची खोली रिकामी करायची आणि मुलीला उदगीरला सोडून यायचं. मायला एकच काळजी होती. सोयाबीन कापून रानात गंजी लावून ठेवलं होतं आणि मळणीच्या मशीनचा नंबर लागायला अजून वेळ होता. चुलतभावानं ताडपत्री नीट बांधून घेतली, वर दगड ठेवले, तेव्हा कुठं ती यायला कबूल झाली.

लातूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पत्र्याची खोली, पुढं चिंचोळं अंगण. मला वाटलं होतं निम्मं सामान बांधलेलं असेल. एक पिशवीसुद्धा बांधलेली नव्हती. उलट कोपऱ्यात एक नवं मोठं पातेलं होतं आणि फळीवर धुतलेले डबे ओळीनं पालथे घातलेले होते.

"आवरायला घेतलं नाहीस अजून?" मी विचारलं.

"आवरू की," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या बोलण्यानं. दारात पोरं-पोरी उभी होती आणि बायको एकेकाच्या हातात डबा देत होती. तिनं त्यांची नावं घेतली नाहीत, गावं घेतली. "निलंगा, तुझ्यात भात घातला नाही, खोकला गेल्यावर घालते. औराद, लोणचं खाली हाय, हलवू नको. मुखेड, कालचा डबा कुठंय?" मुखेडची मुलगी डबा विसरली म्हणून जीभ चावत पळाली. सगळे तिला मावशी म्हणत होते. "मावशी, उद्या सुट्टी ना?" एकानं विचारलं. "उद्या शेजारच्या काकूंकडं. सोमवारी रातच्याला मी हाय," ती म्हणाली.

मी अंथरुणात बसून ते ऐकलं. सोमवारचं म्हणजे शेवटचे काही दिवस असतील, असं मी धरून चाललो.

निघायच्या आधी तिला गंजगोलाईत काम होतं. मुलगी आणि मी पिशव्या धरून तिच्या मागं. गोलाईच्या त्या गोल बाजारात ती सरळ एका किराणाच्या दुकानात शिरली. दुकानदारानं गल्ल्यावरून उठून तिच्यापुढं डाळीचा नमुना ठेवला. "ताई, ही बघा. मागची तुम्हाला आवडली नव्हती ना." तिनं दाणे हातावर घेतले, फुंकर मारली, एक चावून बघितला आणि म्हणाली, "ही लवकर शिजत न्हाई. दुसरी दाखवा." त्यानं मुकाट्यानं दुसरी काढली. मला आमच्या लग्नाचे पहिले दिवस आठवले. तेव्हा हिमायतनगरच्या बाजारात ती माझ्या मागं दोन पावलं अंतर ठेवून चालायची आणि काही हवं असलं तर मला सांगायची, मग मी दुकानदाराला सांगायचो. आता दुकानदार माझ्याकडं बघतही नव्हता. बसायला स्टूल मात्र दिलं.

गाडीत मुलगी पुढं बसली. चाकूर आलं. चाकूर बायकोचं माहेर. "मामाकडं थांबायचं?" मुलीनं मागं वळून विचारलं.

"परतताना थांबू," बायको म्हणाली.

रस्त्याच्या कडेला जिथं जागा मिळेल तिथं लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. आभाळ स्वच्छ होतं. त्या दोघी आपसात काहीतरी बोलत होत्या आणि मधेच हसत होत्या. "ते कुकरचं," मुलगी म्हणायची आणि दोघींना हसू आवरायचं नाही. काय कुकरचं, असं मी दोनदा विचारलं. मुलीनं सांगायचा प्रयत्न केला, पण सांगताना ते अर्धं राहिलं. "तुम्ही तिथं असता ना, तर कळलं असतं," ती म्हणाली. ती टोचून बोलली नव्हती. सहज म्हणाली होती, आणि खरंच होतं ते.

नांदेडला पोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली. गाडी लावून आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. डोकं झाकून माथा टेकला आणि लंगरच्या पंगतीत बसलो. आमच्या भागातला माणूस नांदेडला आला, की त्याला हे नवीन नसतं. कुणी दवाखान्यात आलेलं असतं, कुणी कोर्टात, आणि जेवायला सगळे तिथं. वाढणारा रोटी घेऊन आला, की दोन्ही हात पसरायचे. मी जेवून उठलो, मुलगी उठली, पण बायको दिसेना. शोधलं तर ती स्वयंपाकाच्या बाजूला उभी होती. आत भल्यामोठ्या कढईत डाळ उकळत होती आणि बायका गोल बसून रोट्या लाटत होत्या. ती त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारणीला तिच्या मोडक्या हिंदीत विचारत होती, "इतनी दाल नीचे लगती नहीं क्या?" त्या बाईंनी हसून तिला जवळ बसवलं आणि हातात लाटणं दिलं. ती लाटायला लागली. आम्ही बापलेक तिथंच कडेला उभे. एवढं मन लावून ती काही करताना मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. खरं तर कधी बघितली होती, तेच आठवेना.

"मम्मी आता उठत नसते," मुलगी म्हणाली.

वजिराबादच्या बाजारात बादली, मग, गादी, कुलूप असं होस्टेलचं सामान घेतलं आणि वाहनांच्या गर्दीतून कसेबसे बाहेर पडलो. भोकरच्या पुढं गेल्यावर बायको म्हणाली, "मला तुमच्याशी एक बोलायचं होतं." तेवढ्यात समोरून उसाची ट्रॉली आली, मी गाडी कडेला घेतली, ट्रॉलीवाल्याशी दोन शब्द झाले. मग मी विचारलं, "काय म्हणत होतीस?" ती म्हणाली, "राहू दे. घरी जाऊन बघू."

घरी माय दारातच बसली होती. सुनेला बघून तिला आनंद झाला, हे मला तिच्या चालण्यावरूनच कळतं, तोंडानं ती काही म्हणत नाही. नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळून गेली. काय खाऊ घालून राहिली गं हिला तिकडं?" मायचं माहेर किनवटकडचं. तिच्या बोलण्यातलं हे "राहिली-राहिलो" मुलीला फार आवडतं, ती मुद्दाम तसं बोलून दाखवते.

रविवारी पहाटे बायको दशम्या करायला उठली. मीही उठलो, चहा ठेवायला म्हणून. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. माय आणि मी आमच्या सोयीनं सगळं हलवलं होतं. पिठाचे डबे खाली आले होते, मसाल्याचा डबा खिडकीत गेला होता, पोळपाट भिंतीला टांगला होता.

"मीठ कुठं ठेवता?" तिनं विचारलं.

मी मिठाची बरणी काढून दिली. तिनं ती घेतली आणि दशम्यांचं पीठ मळलं. पण तिनं "मीठ कुठंय" असं विचारलं नव्हतं, "कुठं ठेवता" असं विचारलं होतं, आणि ते माझ्या कानात राहिलं.

किनवट ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं. गाडीच्या काचा खाली केल्या. वाटेत आदिवासी बायका टोपल्यांत सीताफळं घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडून मायनं घासाघीस करून घेतली आणि गाडीतच फोडून सगळ्यांना वाटली. माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढताना माय सगळ्यांच्या पुढं. रांगेत फार वेळ लागला नाही, नवरात्र होऊन गेलं होतं. देवीसमोर उभं राहिलं, की माय नेहमी पुटपुटते, त्या दिवशी मात्र ती मोठ्यानं म्हणाली, "आई, घर भरून राहू दे." बाहेर आल्यावर आम्ही कुटलेल्या विड्याचा तांबूल घेतला. बायकोनं तो हातात तसाच धरला होता. मुलीनं हळूच तिचा हात दाबला. मला वाटलं, लेक लांब चालली म्हणून आईला भरून आलं असेल.

मग किल्ला. माय खाली थांबली असती तरी चाललं असतं, पण ती म्हणाली, "इतक्या वर्षांत देवीला कितीदा आले, किल्ला काय बघितला नाही. चला." पाऊसकाळ नुकताच सरलेला, त्यामुळं वाट गवतात बुडालेली. दगड कुठं आहे ते पाय ठेवल्यावर कळायचं. तटबंदी एका डोंगरावरून उतरून दुसऱ्यावर चढलेली दिसत होती. मुलगी पुढं पळायची, मग थांबून आमची वाट बघायची. बायकोला दम लागत होता, ती दर वळणावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वर एका बुरुजाशी पोचलो तेव्हा लांबवर पैनगंगा दिसली, रानांतून वळणं घेत गेलेली. माय बघत राहिली. मग तिनं मान उलट्या बाजूला वळवली आणि म्हणाली, "तिकडं आभाळ आलंय."

हिमायतनगरच्या बाजूनं काळं आभाळ खरंच भरून येत होतं. परतीचा पाऊस तासाभरात येतो आणि हातातलं पीक घेऊन जातो, हे आमच्याकडं पोराटोरालाही माहीत असतं. आम्ही लगोलग उतरायला लागलो, पण अर्ध्या वाटेवर पावसानं गाठलंच. पळत पळत एका जुन्या दरवाज्याच्या कमानीखाली शिरलो. भिंतीच्या कडेनं दगडी ओटा होता, तिथं चौघं ओळीनं बसलो. समोर पाण्याचा पडदा. फोनला रेंज नाही. मायचा सगळा जीव सोयाबीनच्या गंजीत.

"ताडपत्री बांधलीय, माय. दगड ठेवलेत," मी म्हणालो.

"दगड काय करून राहिलेत वाऱ्याला," ती म्हणाली.

बायकोनं दशम्या काढल्या, ठेचा काढला. खाताना मायला जरा बरं वाटलं असावं. ती सुनेकडं वळून म्हणाली, "दिवाळीच्या आधी खोली रिकामी कर गं. नंतर टेम्पो भेटून न्हाई राहत. तू आलीस म्हणजे हरभऱ्याच्या पेरणीला मला एक माणूस झालं."

बायको दशमीचा तुकडा मोडत होती. तो तिनं हातातच धरला. माझी बायको मायला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, खोली सोडायची न्हाई मला."

पावसाच्या आवाजात मायला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं. "काय म्हणली?"

"लातूरची खोली सोडायची न्हाई."

"पोरगी तर उदगीरला चालली. मग तिथं कोण राहतंय?"

"मी."

मुलगी खाली बघत होती. तिला माहीत होतं, हे तेवढ्यावरून मला कळलं. मोठा आवाज काढावा असं वाटलं, पण निघालं ते एवढंच, "मला कधी सांगणार होतीस?"

"आजच. म्हणून तर आले," ती म्हणाली. "घरी सांगितलं असतं तर तुम्ही ड्यूटीला निघून गेला असता अन् आत्या रानात. गाडीत सांगणार होते तर तुमचं ट्रॉलीवाल्याशी सुरू झालं."

माय उठली. पदर डोक्यावर घेतला. "सोयाबीन भिजून राहिलं असंल तिकडं," एवढं म्हणून ती सरळ पावसात बाहेर पडली. "अगं माय, थांब!" मी ओरडलो. मुलगी माझ्या आधी उठली. "मी जाते आजीबरोबर. तुम्ही बोला," ती म्हणाली आणि ओढणी डोक्यावर धरून तिच्या मागं पळाली. दोघी वळणावर दिसेनाशा झाल्या.

कमानीखाली आम्ही दोघंच उरलो. किती तरी दिवसांत आम्ही असे दोघंच कुठं बसलो नव्हतो. मग तिनंच सुरुवात केली.

"तुम्हाला सोडून राहायचं म्हणून म्हणत न्हाई मी. ते सोडून यायचं जिवावर आलंय."

"डबे?"

"डबे. ती मुखेडची पोरगी तुम्ही काल बघितली ना. पावसाळ्यात तिचा डबा भरलेलाच परत यायचा. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले. पोरगी नुसती पडून होती. ताप नाही, काही नाही. परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून घरी फोन उचलत नव्हती. मी तिच्याजवळ बसले, तिच्या आईला फोन लावून दिला. दोघी इतक्या रडल्या. आता ती रोज जेवते. मला कुणी सांगितलं नव्हतं तिकडं जा म्हणून. डब्यावरून कळलं."

"चांगलंच केलंस की."

"हाव. पण मी इथं आले तर मला कशावरून कळंल? कुणाचं कळंल?" ती बोलताना माझ्याकडं बघत नव्हती, पावसाकडं बघत होती. "इथं मी तुमची बायको हाय, आत्यांची सून हाय. ते वाईट न्हाई. पण तिथं मी केलेलं माझं काहीतरी हाय. आता ते दुसऱ्याच्या हातात देऊन यायचं, अन् हरभरा पेरायला माणूस व्हायचं?"

मला राग आला होता. पण तो धरून ठेवायला जागा सापडत नव्हती. तिनं लपवून काही केलं नव्हतं. वाढत गेलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर वाढलं होतं. मला माझंच वाईट वाटत होतं, एवढंच. दुपारपाळी संपवून रात्री घरी यायचं, माय झोपलेली असायची, ताटावर ताट झाकलेलं असायचं. ते जेवताना मी एकच म्हणायचो, थोडेच दिवस राहिले.

"अन् मी काय करू?" मी विचारलं.

"बदली मागा लातूरला."

"अन् माय?"

तिनं मान हलवली. "तेच मला सुचत न्हाई. किती दिवस झाले तेच डोक्यात हाय. त्या काय रान सोडून यायच्या नाहीत. तुम्हाला काही सुचलं तर सांगा."

मलाही सुचलं नाही. ही अडचण आता दोघांची झाली होती, आणि आश्चर्य म्हणजे त्यातच मला थोडं हलकं वाटलं. उरलेल्या दशम्या तिनं बांधून ठेवल्या. पाऊस कमी झाला तसे आम्ही उतरायला लागलो. वाट पार निसरडी झाली होती. तिच्या चपला घसरत होत्या, म्हणून तिनं त्या काढून हातात घेतल्या आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. एका ठिकाणी दोघंही घसरून खाली बसलो. ती हसली. मग मीही हसलो, चिखल झटकत.

माय आणि मुलगी खाली चहाच्या टपरीत बसल्या होत्या. मुलीची ओढणी मायच्या डोक्याला गुंडाळलेली, पुढ्यात गरम भजी. टपरीवाल्यानं चुलीजवळ जागा करून दिली होती. आम्ही जाऊन समोर बसलो. मायनं सुनेकडं बघितलं, चिखलाच्या साडीकडं बघितलं.

"लागलं का कुठं?"

"न्हाई, आत्या."

"मग ऐक," माय म्हणाली. "मला न विचारता ठरवलं, याचा राग हाय मला. तो राहू दे चार दिवस. काढायला जाऊ नका कुणी."

"बरं," बायको म्हणाली. मायनं भज्यांची बशी तिच्याकडं सरकवली आणि तोंड फिरवून जंगलाकडं बघत बसली.

किनवटजवळ फोनला रेंज आली. चुलतभावाचा फोन होता. वारं आलं तेव्हा तो आणि शेजारच्या रानातले दोघं गंजीवर जाऊन बसले होते. एका बाजूनं भिजली होती, बाकी वाचली. मायनं ते ऐकलं, डोळे मिटले आणि घरापर्यंत झोपून आली. का नुसतेच डोळे मिटून होती, ते सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी मायलेकींना मी बसस्टँडवर सोडलं. माय त्याच्या आधीच रानात निघून गेली होती. बस लागायला उशीर होता. मुलगी म्हणाली, "पप्पा, मम्मीनं मला आधी सांगितलं म्हणून तुम्हाला राग आला का?" मी म्हणालो, आला थोडा. ती म्हणाली, "मग दर आठवड्याला या ना. म्हणजे तुम्हालाही आधी कळंल." अठरा वर्षांची पोरगी, आणि तिनं ते इतक्या सरळ सांगितलं.

ते चार दिवस मायनं दिवाळीपर्यंत लांबवले. फोन आला की ती उठून जायची. नातीशी बोलायची, सुनेशी नाही. दिवाळीला बायको घरी आली, चार दिवस राहिली, दोघींनी मिळून करंज्या केल्या आणि कामापुरतं बोलल्या. नंतर एकदा मी लातूरला निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर ज्वारीच्या पिठाची पिशवी दिसली. "हे काय?" मी विचारलं. "चपात्या खाऊन कंटाळली असतील लेकरं," माय अंगण झाडता झाडता म्हणाली. तिच्या बोलण्यात त्या पोरांचा विषय तेव्हा पहिल्यांदा आला. आता लातूरच्या डब्यात आठवड्यातून दोनदा भाकरी असते.

बदलीचा अर्ज दिलाय. अजून काही आलेलं नाही, येईल असंही कुणी सांगत नाही. आम्ही चौघं आता तीन गावांत राहतो. मुलगी उदगीरहून सुट्टीला येते ती लातूरलाच, कारण तिला ते जवळ पडतं. माय एकदा डोळे दाखवायला म्हणून लातूरला आली होती. डॉक्टरचं काम एका दिवसात झालं, पण ती पंधरा दिवस राहिली. डब्यांसाठी लसूण सोलून द्यायची आणि सोलता सोलता पोरांना विचारायची, तुमच्याकडं काय पेरलंय, विहिरीला पाणी हाय का. मग एक दिवस म्हणाली, "मला नेऊन सोड. इथं रस्ता लई वाजतो." आणि परत आल्यावर शेजारणीला सांगत होती, की आपल्या सुनेच्या हाताखाली आता एक बाई कामाला आहे.

मी माझ्या सुट्टीच्या दिवशी लातूरला असतो. डबे आता पोरांच्या खोल्यांवर जातात, सकाळी ते पोचवायचं काम माझ्याकडं. कुठला डबा कुठल्या गावाचा ते बायको सांगते आणि मी ते लक्षात ठेवतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा देगलूरच्या एका पोरानं दार उघडलं, डबा घेतला आणि माझ्याकडं जरा बघत म्हणाला, "काका, तुम्ही नवीन लागलात का मावशींकडं?"

मी म्हणालो, "हाव, नवीनच."

परत येऊन बायकोला ते सांगितलं. ती कांदा चिरत होती, तिला हसू आवरेना. तिथंच बसल्या बसल्या तिनं मुलीला फोन लावून सांगितलं, मग मायलाही सांगितलं. माय पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बायको ऐकत होती आणि डोळे पुसत होती, कांद्यामुळं की हसून, मी विचारलं नाही. मग तिनं फोन माझ्या हातात दिला. माय विचारत होती, या वेळी वांग्याची भाजी तू केलीस का तिनं.